नाथाजींच्या वहीतली भावकी

दुसऱ्या वेळचा निकाल संयोगितानं कडेगावच्या एसटी स्टँडवर, मोबाईलवर हाताचा आडोसा करून पाहिला. मराठी टंकलेखनात ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. इंग्रजीपुढे मागच्या वेळचाच शब्द होता. नापास.

तिचा नवरा ऋषिराज कडेगावातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. कावीळ अंगात मुरली आणि तीन आठवड्यांत तो गेला. त्याच्या जागी संयोगिताला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. आदेशात सहावं कलम होतं. नेमणुकीपासून दोन वर्षांच्या आत मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक. न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. हे कलम तिला तोंडपाठ होतं. दोन वर्षांतले सोळा महिने सरले होते आणि मुदतीत बसणारी परीक्षा आता एकच उरली होती.

कार्यालयातले वरिष्ठ लिपिक लालासाहेब मनाचे वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. दुसऱ्या निकालानंतर ते म्हणाले, "वहिनी, इंग्रज गेला ते बरं झालं, पण जाताना ही स्पेलिंगं तेवढी नेली असती तर तुमची नोकरी पक्की होती." सगळे हसले. संयोगिताही हसली आणि आवक-जावक रजिस्टर पुढे ओढून बसली.

तिची अडचण तिला नीट कळत नव्हती. मराठीचा उतारा समोर आला की बोटं आपोआप धावायची. जे बोलायचं तेच लिहायचं. इंग्रजीचा शब्द दिसला की ती तो मनात बोलायची आणि बोटं त्या बोलण्याच्या मागून जायची. मन म्हणायचं 'नेबर' आणि बोटं पाच अक्षरांत शब्द संपवून मोकळी व्हायची. कागदावरचं जी आणि एच तिथंच राहायचं. चूक लक्षात आली की ती एकेक अक्षर बघत टाइप करायची, मग चुका कमी व्हायच्या पण वेग पंचवीसवर यायचा. पाहिजे होता चाळीस. सात मिनिटांत दोनशे ऐंशी शब्द.

म्हणून ती पहाटे धार काढताना स्पेलिंगं घोकायची. शाळेत घोकली होती तशीच, न बोलल्या जाणाऱ्या अक्षरांना बोलायला लावून. वेड-नेस-डे. क-नाइफ. ने-इघ-बोउर. म्हैस कान हलवायची आणि शेजारी तिचे सासरे नाथाजी मुकाट्यानं वैरण कापायचे.

नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याच्या भरतीत निवडले गेले, जबलपूरला सिग्नलचं प्रशिक्षण घेतलं आणि अठरा वर्षं वायरलेसवर काढून गावी आले. त्यालाही आता तीस वर्षं होत आली होती. गावात ते 'वायरलेस नाथा' म्हणून ओळखले जात, पण वायरलेसवर ते नेमकं काय करत होते ते त्यांच्या बायकोलाही, बनुबाईंनाही, ठाऊक नव्हतं. बनुबाई म्हणायच्या, "तिकडं येवढं बोलून आलेत की घरी बोलायला शबुद शिल्लक न्हाई." पण त्यात चूक होती. नाथाजी वायरलेसवर बोललेच नव्हते.

हे कळलं ते निकालानंतरच्या आठवड्यात. नाथाजींनी विळा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या अक्षरांस्नी बोलायला कशापायी लावतीस?"

"मग पाठ कसं करायचं मामा? लिहितात एक आणि बोलतात एक."

"ती काय बोलत्यात हे मला अजून ठावं न्हाई. अठरा वरसं मी अक्षरं घेतली आन् दिली. उस्ताद सांगायचा, कानातनं हातात घ्यायचं. मधी तोंड आलं की घात."

तिनं धारेची चरवी बाजूला ठेवली. नाथाजी म्हणाले, तुझं पुस्तक आण आणि कुठलंही पान उघडून अक्षरं वाच. शब्द नको, नुसती अक्षरं. थांबू नको. ते स्वतः जुनी वही आणि पेन्सिल घेऊन भिंतीला टेकून बसले. ती वाचू लागली. टी, एच, आर, ओ, यू, जी, एच. तिला वाटलं ते लगेच लिहितील. ते लिहीत नव्हते. सहा-सात अक्षरं पुढं गेल्यावर पेन्सिल हलली आणि मग हलतच राहिली, सतत, एका चालीनं, तिच्या आवाजाच्या मागं सहा-सात अक्षरं ठेवून. मध्येच बनुबाईंनी आतून विचारलं, डॉक्टर म्हशीला कवा येणार हाय. नाथाजी म्हणाले, "शुक्रवारी. धा वाजता." पेन्सिल थांबली नाही. ती वाचायची थांबल्यावरही पेन्सिल तेवढी अक्षरं पुढं चालली आणि मग थांबली.

तिनं वही घेऊन पुस्तकाशी ताडून पाहिली. पूर्ण पान. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. आणि हा माणूस इंग्रजी वाचू शकत नव्हता. दहावीला इंग्रजीतच गेलेला. पानात काय लिहिलंय हे विचारल्यावर ते म्हणाले, "मला काय ठावं? ते सायेबाचं काम."

नऊ वर्षं ती त्या घरात होती. या माणसाला तिनं उसाला पाणी देताना, दाढी करताना, मुलाच्या चितेजवळ उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्या सकाळी तिला वाटलं, आपण यांना ओळखतच नाही.

दुसऱ्या दिवशी नाथाजींनी शेडमध्ये उभ्या असलेल्या ऋषिराजच्या मोटारसायकलचा इंडिकेटरचा बझर सोडवला, तो फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडला आणि मध्ये दाबायला दाराच्या बेलचं बटण बसवलं. लांब दाबलं की डा, आखूड दाबलं की डिट. मोर्सच्या एवढ्या दोन आवाजांत सगळी इंग्रजी बाराखडी. ते वाजवायचे, ती संगणकाच्या सुट्या कीबोर्डवर ते अक्षर दाबायची. कीबोर्ड कशालाही जोडलेला नव्हता, नुसता मांडीवर. रोज सकाळी अर्धा तास, कार्यालयातून आल्यावर एक तास. बनुबाई म्हणाल्या, "घरात रातकिडा पाळल्यागत झालंय." पण त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या नाहीत.

पाच आठवड्यांत संयोगिताला सव्वीसच्या सव्वीस अक्षरं कानानं यायला लागली. मग नाथाजींनी मागं राहायला शिकवलं. आलेलं अक्षर लगेच दाबायचं नाही. साठवायचं. पुढचं ऐकत राहायचं आणि हात मागून येऊ द्यायचा. उतारा बघतानाही तेच. डोळा पुढं, हात मागं, आणि दोघांच्या मध्ये ओंजळभर अक्षरं. हे जमायला फार त्रास झाला आणि जमलं तेव्हा तिला अंगावर काटा आल्यासारखं झालं. बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी चालत होती.

या भरवशावर ती जिनेंद्र सरांच्या टायपिंग क्लासात सराव परीक्षेला बसली. जिनेंद्र सर कडेगावातच स्टँडमागं पंचवीस वर्षं क्लास चालवत होते, आधी मशिनांचा, नंतर संगणकांचा. सूर्यास्ताआधी जेवणारा, शिस्तीचा माणूस. एकाही विद्यार्थ्याची चूक दुसऱ्यासमोर वाचून दाखवायचा नाही. त्यांनी तिचा निकाल पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. वेग त्रेचाळीस. आणि उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल.

"बाई, हे काय केलंत? शब्द कुठंही तोडलेत. पाच अक्षरं, जागा. पाच अक्षरं, जागा. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधतात तसं."

तिनं पडद्यावरची अक्षरं मोजली. तिला कळलं काय झालं ते. फौजेतले संदेश गुप्त असायचे, हे नाथाजींनी शिकवताना सांगितलं होतं. त्यांत शब्द नसायचे. पाच-पाच अक्षरांचे ग्रुप, अर्थ काही नाही, आणि प्रत्येक ग्रुपनंतर एक श्वास. नाथाजी अठरा वर्षं तेच घेत आले होते आणि तिलाही त्यांनी नकळत तसंच दिलं होतं. त्यांचा श्वास तिच्या अंगठ्यात उतरला होता.

घरी येऊन तिनं सांगितलं. नाथाजींनी बटणावरचा हात काढला. "माझ्या हाताची खोड तुझ्या हाताला लागली," एवढंच म्हणाले. दोन दिवस ते शेतावरच जेवले. परीक्षेला अडीच महिने राहिले होते. बनुबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, पोरी, सोड त्येंचा नाद, चांगल्या मास्तराकडं जा. चांगला मास्तर तिनं दोनदा केला होता.

तिसऱ्या दिवशी नाथाजी स्वतः कडेगावला जिनेंद्र सरांकडे गेले आणि मागच्या दहा वर्षांच्या उताऱ्यांची फाईल मागितली. सरांनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी येतं का. ते म्हणाले, न्हाई, पर अक्षरं वळखतो. सरांनी फाईल दिली. का दिली हे त्यांनाही सांगता आलं नाही, असं ते नंतर म्हणाले.

पुढचे वीस-बावीस दिवस नाथाजी गोठ्यासमोरच्या दगडावर बसून ती फाईल वाचत होते. वाचत म्हणजे वाजवत. ओठ मिटलेले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर. डा, डिडिट. एक उतारा, मग तोच पुन्हा. मध्येच थांबून वहीत काही लिहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वंशावळ काढतोय." उसाचं पाणी बनुबाईंनी पाहिलं.

ती वही त्यांनी एका रविवारी संयोगितापुढे ठेवली. दोनशे पानी. प्रत्येक पानावर वर एक शेपूट किंवा एक डोकं आणि खाली त्या घरातले शब्द. पहिल्या पानावर आय-जी-एच-टी. खाली नाइट, लाइट, फाइट, राइट, ब्राइट, फ्लाइट, असे एकवीस. नाथाजी म्हणाले, "ही एक भावकी. म्होरं कुणीबी येऊ दे, मागनं ही चारी यायचीच. ह्यो आवाज बघ." त्यांनी बटण दाबलं. डिडिट, डाडाडिट, डिडिडिडिट, डा. "पाच-पाचचं तोडायचं न्हाई. भावकीपाशी तोडायचं."

तिनं पानं उलटली. डोक्याला के-एन असलेल्यांचं घर. डब्ल्यू-आर असलेल्यांचं घर. शेपटाला एम-बी असलेल्यांचं लहान घर. शेवटी टी-आय-ओ-एन असलेल्यांचं घर तर सहा पानं पसरलेलं. ओ-यू-जी-एच या घरापाशी ती थांबली, कारण या घरानं तिला दोन्ही परीक्षांत बुडवलं होतं. थ्रू, दो, रफ, कफ, थॉट. बोलायला एकाचं तोंड पूर्वेला तर एकाचं पश्चिमेला.

"मामा, हे सगळे एकाच घरात कसे? बोलायला एकसारखे नाहीत."

"आडनाव एक हाय का न्हाई? मग झालं. आपल्या भावकीत तरी कोन कुनासारखा बोलतो? पर लग्नाच्या पत्रिकंत नावं एकाखाली एकच पडत्यात."

वहीच्या शेवटी चार पानं वेगळी होती. वर त्यांनी लिहिलं होतं, 'एकांडी'. कुठल्याच घरात न बसणारे शब्द. त्यांना सोयरे नाहीत, ते असे एकेकटेच ओळखून ठेवायचे. जिनेंद्र सरांनी ही वही नंतर दोन दिवस ठेवून घेतली आणि मोजली. एक हजार एकशे साठ शब्द, त्रेचाळीस घरं, सदतीस एकांडी. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, हे काढणारा कुठल्या कॉलेजचा. सर म्हणाले, हे काढणाऱ्याला यातल्या एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.

त्यानंतर संयोगिताला इंग्रजीचं पान वेगळं दिसू लागलं. रस्त्यावरून जाताना ऊस नुसती हिरवी भिंत दिसतो. बांधावर चढून सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की अचानक सगळ्या सऱ्या उघडतात, थेट दुसऱ्या टोकापर्यंत. तसं झालं. एवढी वर्षं ज्याला ती अन्याय समजत होती, त्यात रांगा होत्या. कुणी तरी, कधी तरी, काही तरी धरून लावल्यासारख्या. नीट नसतील, वाकड्या असतील, पण होत्या. कार्यालयात एखादं इंग्रजी परिपत्रक आलं तर काम सोडून ती घरं शोधत बसायची. लालासाहेबांनी विचारलं, वहिनी, परिपत्रकात एवढं हसण्यासारखं काय आहे?

परीक्षेचं केंद्र सांगलीला आलं. सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. नाथाजींनी निवृत्तीच्या वेळचा कोट घातला होता. विट्याला गाडी बदलून ते सांगलीला पोचले. केंद्रावर तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत चाळीस संगणक होते. खिडक्या उघड्या होत्या. बरोबर आलेल्या लोकांना बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. नाथाजी बसले नाहीत, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

आत पत्र टाइप करून झालं, तक्ता झाला आणि सात मिनिटांचा उतारा सुरू झाला. चाळीस कीबोर्ड एकदम वाजू लागले. पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज. संयोगिताचा डोळा पुढं निघाला आणि हात मागून. पहिली तीन मिनिटं तिला काही कळलंच नाही. मग चौथ्या परिच्छेदात असा शब्द आला की डोळा आपटला. तो कुठल्याच घरात बसेना आणि एकांड्यांतही नव्हता. डोळा थांबला, ओंजळ रिकामी झाली आणि हात थांबले. शेजारीपाजारी ज्वारी ओतली जातच होती. तिच्या मनात सहावं कलम आलं, पूर्ण, विरामचिन्हांसकट. मग तिनं तो शब्द बोलून बघितला नाही. एकेक अक्षर जसं होतं तसं उचललं, अनोळखी पाहुण्याची पिशवी उचलावी तसं, आणि पुढं गेली.

बाहेर आल्यावर नाथाजींनी कसं गेलं हे विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, "मधी थांबलीस."

तिनं बाटलीचं झाकण उघडलं.

"चार मोजंपतूर थांबलीस. मग एक-एक अक्षर घेतलंस. नवीन गडी होता जनू. त्येच्या म्होरं लय चांगली गेलीस. शेवटाला जरा पळालीस, तिथं एकादी चूक असंल."

"आवं मामा, आत चाळीस जण होते."

"व्हय. पर हात तुझा एकच की." आणि मग, एसटीची वाट बघत स्टँडच्या बाकड्यावर बसल्यावर, त्यांनी कधी नव्हे ते सलग सांगितलं. मोर्सच्या संदेशात माणसाचा आवाज येत नाही. बटण सगळ्यांचं सारखंच वाजतं असं बाहेरच्याला वाटतं. पण प्रत्येकाचा हात निराळा. कुणी डा लांबवतो, कुणी दोन अक्षरांत जास्त जागा सोडतो, थंडी वाजत असली तर डिट अडखळतात. दुसऱ्या टोकाला एक ऑपरेटर होता. दोन हिवाळे त्याच्याशी काम केलं. तोंड पाहिलं नाही, नाव विचारायची परवानगी नव्हती. पण तो आजारी आहे, रजेवरून परत आलाय, घरची चिठ्ठी चांगली आलीय, हे पहिल्या ग्रुपलाच कळायचं. एका सकाळी ठरल्या वेळेला हाक आली आणि हात दुसराच होता. संदेश नेहमीसारखा, पाच-पाच अक्षरांचा. नाथाजींनी घेतला, बरोबर घेतला, सही केली. त्याचं काय झालं हे विचारायचा नियम नव्हता.

"मग?" संयोगितानं विचारलं.

"मग काय. दुसऱ्याचा हात वळखायला लागलो."

विट्याची गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि त्या कोटातल्या माणसाच्या हातांकडे बघत राहिली. नांगराचे घट्टे पडलेली, नखं मोडकी, साधी बोटं. सांगली सुटल्यापासून तासगाव येईपर्यंत तिला काही बोलावंसं वाटलं नाही. एखाद्या मोठ्या नदीच्या काठी माणूस गप्प होतो, तसं तिचं झालं होतं.

निकाल सातव्या आठवड्यात लागला. मुदत संपायला एकोणीस दिवस बाकी होते. उत्तीर्ण. लालासाहेबांनी तिचं सेवापुस्तक कपाटातून काढलं, प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर शिक्का मारला आणि नोंद आपल्या वळणदार अक्षरात स्वतः घेतली. साहेबांची सही झाल्यावर पुस्तक तिच्यासमोर धरलं. "बघून घ्या वहिनी. सहावं कलम संपलं."

संध्याकाळी तिनं ते घरी सांगितलं. बनुबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नाथाजी वैरण कापत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "चुका किती?"

"ते देत नाहीत मामा. नुसते गुण देतात."

"आन् कुठं चुकली ते?"

"तेही नाही."

त्यांना ते पटलं नाही. चूक कुठं झाली हे कळल्याशिवाय संदेश पुरा झाला असं कसं म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी विळा बाजूला ठेवला. "तो मधला नवा शबुद आठवतो का? अक्षरं सांग."

तिनं सांगितली, एकेक, जशी उचलली होती तशी. नाथाजींनी गुडघ्यावर बोटानं ती दोनदा वाजवून पाहिली, आत जाऊन वही आणली, एकांड्यांच्या शेवटी अडतिसावा आकडा घातला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. म्हणाले, "ह्यो तू घेतलायस. तुझ्या हातानं लिव्ह."